दोन खटक्यांवर राहिलेला हँडब्रेक

प्रश्न : आमची पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची आहे. मॅन्युअल गिअर, ५२,००० किलोमीटर चाललेली, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. गेल्या मंगळवारी पहाटे सहाला आईला बोरिवलीहून विलेपार्ल्याला सोडायला हायवेने निघाले. आरेच्या फाट्याजवळ काहीतरी जळल्याचा वास आला. वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. पार्ल्यात गाडी लावताना लाल दिवा दिसला. हँडब्रेक दोन खटके वर राहिला होता. मागच्या डाव्या चाकातून धूर येत होता, प्लॅस्टिकची व्हील कॅप वाकडी झाली होती. वॉचमन पाण्याची बादली घेऊन धावला, मी त्याला थांबवलं. तासाभराने गाडी चालवत घरी आणली. ब्रेक आता नेहमीसारखे लागतात. सोसायटीच्या रॅम्पवर गाडी मागे घरंगळत होती म्हणून महिन्यापूर्वीच हँडब्रेक टाइट करून घेतला होता. गॅरेजवाला म्हणतो, ड्रम, शू, केबल, बेअरिंग, मास्टर सिलिंडर, क्लच प्लेट सगळं बदला. सासरे म्हणतात, आमच्या पद्मिनीचं असं कितीदा व्हायचं, काही होत नाही, रविवारी ठरल्याप्रमाणे लोणावळ्याला जाऊ. नवरा म्हणतो, चूक तुझी. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, बोरिवली (पूर्व)

उत्तर : रविवारचं आधी सांगतो, कारण त्याला मुदत आहे. मागचे दोन्ही ड्रम उघडून पाहिल्याशिवाय ही गाडी लोणावळ्याला नेऊ नका. जाताना फारसं काही होणार नाही, घाट चढताना ब्रेक लागतो किती? धोका परतीच्या वाटेवर आहे, खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना. ब्रेक नेहमीसारखे लागतात असं तुम्ही लिहिलंय आणि ते खरंच असणार. पण गार गाडीचा ब्रेक चांगला लागतो, हा या प्रकरणात पुरावा धरता येत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

सासऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पार्किंगमधून सोसायटीच्या गेटपर्यंत, पहिल्या गिअरमध्ये दोनशे-तीनशे मीटर हँडब्रेक लावून गाडी गेली तर खरोखरच काही होत नाही. ड्रमच्या आतून टेकून चाक अडवणारे शू थोडे घासतात, एवढंच. एक-दोन किलोमीटर सावकाश गेली आणि वास आला नाही, तरी बहुतेक वेळा निभावून जातं. तुमची गाडी सोळा-सतरा किलोमीटर हायवेच्या वेगाने गेली आहे, धूर निघाला आहे आणि व्हील कॅप वितळून वाकली आहे. हे प्रकरण वेगळं.

हँडब्रेक पूर्ण ओढलेला राहिला तर सहसा गाडी बिघडत नाही, कारण ती हलतच नाही. क्लच सोडला की मागून बसते, इंजिन गुरगुरतं किंवा बंद पडतं आणि दहा फुटांत चूक कळते. घात करतो तो अर्धवट सुटलेला हँडब्रेक. गाडी निघते, गिअर पडतात, फक्त जरा जड वाटते. पहाटेच्या रिकाम्या हायवेवर तर तेही जाणवत नाही.

आत काय घडतं ते पाहू. लिव्हर ओढली की गाडीखालची केबल ताणली जाते आणि तिच्या फांद्या मागच्या दोन्ही चाकांत जातात. प्रत्येक ड्रमच्या आत एका शूला एक छोटी पट्टी लटकवलेली असते. केबल ती पट्टी खेचते, दोन्ही शू फाकतात आणि ड्रमच्या आतल्या अंगाला टेकतात. गाडी पुढे जात असताना त्यातला एक शू ड्रमच्या फिरण्यासोबत आणखी आत खेचला जातो, म्हणजे स्वतःच स्वतःला दाबतो. ड्रम ब्रेकची ही करामत चांगलीच आहे, त्यामुळेच हाताच्या जोरावर टनभराची गाडी उतारावर उभी राहते. पण त्याच करामतीमुळे राहून गेलेले एक-दोन खटकेही वाटतात त्यापेक्षा जास्त घासतात.

किती उष्णता झाली असेल? ढोबळ हिशेब करू. समजा, गाडीला मागून कोणी वीस किलोच्या जोराने सतत ओढून धरलंय. ताशी ६० किलोमीटरला त्याचे सव्वातीन किलोवॅट होतात. बाथरूममधल्या इन्स्टंट गीझरची ताकद साधारण ३ किलोवॅट असते. म्हणजे एक अख्खा गीझर दोन ड्रममध्ये वाटून चालू ठेवला, आणि त्यात पाणी नाही, असं झालं. छोट्या गाडीला सपाट रस्त्यावर त्या वेगाने चालत राहायलाच चारेक किलोवॅट पुरतात, म्हणजे इंजिन जवळजवळ दुप्पट राबत होतं. पेट्रोलचा काटा पाहिलात तर तिथेही काहीतरी दिसेल.

हाच हिशेब घाटाला लावून पाहा. माणसांसकट अकराशे किलोची गाडी साडेपाचशे मीटर खाली उतरवायची आणि इंजिनची मदत अजिबात घ्यायची नाही म्हटलं, तर चारही ब्रेकना मिळून सुमारे ५९ लाख ज्यूल उष्णता पचवावी लागते. वीस किलोच्या ओढीने सोळा किलोमीटर म्हणजे सुमारे ३१ लाख. म्हणजे बोरघाटातली निम्म्याहून जास्त उष्णता त्या पहाटे एकट्या मागच्या दोन ड्रमनी खाल्ली. मागचे ड्रम त्यासाठी केलेलेच नसतात. ब्रेक दाबताना गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मोठा वाटा पुढच्या डिस्क उचलतात. डिस्क उघड्यावर असते, वारा लागून गार होते. ड्रम म्हणजे झाकण घातलेलं पातेलं.

आता त्या पातेल्याजवळ काय काय असतं, ते क्रमाने.

पहिला बळी लायनरचा, म्हणजे शूवर चिकटवलेल्या घासणाऱ्या थराचा. खूप तापलं की त्यातला बांधणारा पदार्थ वर येतो आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. असा लायनर जाड दिसतो पण पकडत नाही. नुसती वरवर चकाकी असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून ती काढता येते. पण बारीक भेगा असतील, कडा भुसभुशीत झाल्या असतील, रंग राखेसारखा पडला असेल किंवा लायनर शूच्या पत्र्यापासून सुटायला लागला असेल, तर शू फेकायचेच, आणि दोन्ही चाकांचे. एकाच बाजूचे नवे घातले तर ब्रेक एका अंगाला ओढतो. व्हील कॅप वितळेपर्यंत तापलेल्या गाडीत शू वाचण्याची आशा फारशी धरू नका. शू बदलतानाच त्यांच्या स्प्रिंगाही पाहायला सांगा. तापून निळसर पडलेली स्प्रिंग ताण हरवते, शूला मागे खेचत नाही आणि मग हँडब्रेक खाली असूनही चाक घासतं. स्प्रिंगचा संच शूच्या मानाने किरकोळ किमतीचा असतो, पण गॅरेजवाले हमखास तो जुनाच चढवतात.

ड्रम बदलायचा की नाही, ते डोळ्यांनी आणि मापाने ठरतं, अंदाजाने नाही. आतल्या अंगावर निळे-जांभळे डाग असतील तर तिथलं लोखंड कडक झालंय. हलके डाग आणि थोडा लंबगोलपणा लेथवर फिरवून निघतो. किती कापता येईल, ते ड्रमवरच इंग्रजीत ‘मॅक्स’ शब्दासोबत कोरलेलं असतं, छोट्या गाड्यांत बहुधा मूळ व्यासापेक्षा २ मिलिमीटर जास्त. त्याच्या पलीकडे गेलेला किंवा केसासारखी का होईना पण भेग दिसणारा ड्रम सरळ भंगारात. ड्रम वेडावाकडा झालाय का, हे गाडी चालवतानाही कळतं. साठच्या वेगावरून हलकेच ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतं.

बेअरिंगचा प्रश्न गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे. काही हॅचबॅकमध्ये मागचा ड्रम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) एकच तुकडा असतो आणि बेअरिंग त्यातच ठोकलेलं असतं. तिथे उष्णता थेट ग्रीसमध्ये उतरते, ग्रीस पातळ होऊन सीलमधून बाहेर येतं. चाक उचलून वरून-खालून धरून हलवा, खेळ जाणवता कामा नये. मग हाताने फिरवा आणि दुसरा हात मागच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खरखर असेल तर ती स्प्रिंगमधून बोटांना लागते, कानापेक्षा लवकर. काही नाही जाणवलं तर बेअरिंग आज बदलू नका, पण पुढचे हजारभर किलोमीटर चाळीस ते साठच्या वेगात काचा वर करून घूंऽऽ असा आवाज वाढतोय का ऐका. हब उघडावा लागलाच तर त्याचा नट नवा घाला. टायर काढलेलाच असेल तर त्याची आतली बाजू आणि रिमला टेकणारी कड पाहून घ्या, एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चाकाजवळच्या सेन्सरची वायर वितळली नाही ना तेही.

आणि आता ब्रेक ऑइल. यासाठीच रविवारी जाऊ नका म्हटलं.

नाव ऑइल असलं तरी ते तेल नाही. ग्लायकोलवर बनलेला हा द्रव हवेतलं पाणी शोषून घेतो आणि मुंबईच्या दमट हवेत त्याला पाण्याची कमी नाही. डॉट ३ दर्जाचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तीच हमी अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. सात वर्षांत तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल कधी बदललं होतं, हे बिलं काढून पाहा. बहुतेक कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी बदलायला सांगतात. प्रत्यक्षात आपल्याकडे कमी झालं की वरून ओतलं जातं, बदललं जात नाही.

ड्रमच्या आत, शूच्या डोक्यांमध्ये पेडल दाबल्यावर शू फाकवणारा व्हील सिलिंडर बसलेला असतो आणि त्यात हा द्रव असतो. ड्रम फार तापला की हा द्रव उकळून त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल स्पंजासारखं आत जातं आणि ब्रेक लागत नाही. गाडी गार झाली की वाफेचा पुन्हा द्रव होतो, पेडल पूर्वीसारखं कडक होतं आणि घरचे म्हणतात, बघ, काही झालं नाही. तुमचे ब्रेक आज नेहमीसारखे लागतात, ते यामुळेही असू शकतं. त्या सकाळी उकळलं असेल किंवा नसेल. उकळलं असेल तर ते घाटातल्या उष्णतेत परत उकळेल.

इथे एक मेखही आहे. इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या दोन नळ्या तिरप्या वाटलेल्या असतात, पुढचं डावं चाक मागच्या उजव्यासोबत आणि पुढचं उजवं मागच्या डाव्यासोबत. एक नळी फुटली तरी दुसरीने गाडी थांबावी, ही त्यामागची योजना. पण मागच्या दोन्ही सिलिंडरांत वाफ झाली तर दोन्ही नळ्या एकदम ढिल्या पडतात. मागच्या चाकांत गडबड झाली, पुढचे डिस्क तर आहेत ना, हा हिशेब म्हणूनच फसवा.

व्हील सिलिंडरच्या आत द्रव अडवून धरणाऱ्या रबरी वाट्या, म्हणजे बकेट असतात. तापून त्या कडक होतात, पण गळती लगेच होत नाही. दोन-तीन महिन्यांनी, कधी पावसाळा संपता संपता, एका सकाळी ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खाली गेलेली दिसते. म्हणून ड्रम उघडलेला असताना सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी हलकेच मागे सारून पाहायला सांगा. आत ओल दिसली तर सिलिंडर नवा घाला, बकेट किटने तात्पुरतं भागवू नका. गळलेला द्रव लायनरवर उतरला तर तो लायनरही गेला, धुऊन सुधारत नाही. सिलिंडर कोरडा असेल तरी ब्रेक ऑइल मात्र पूर्ण बदला, चारही चाकांतून हवा काढून. डबीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचं, सीलबंद बाटलीतलंच घ्या. अर्ध्या लिटरची एक बाटली जेमतेम पुरते, दोन आणून ठेवलेल्या बऱ्या.

गॅरेजवाल्याच्या यादीबद्दल. पेडल दाबल्यावर द्रवाला दाब देणारा मास्टर सिलिंडर पुढे बॉनेटखाली असतो, मागच्या ड्रमच्या उष्णतेचा त्याच्याशी संबंध नाही. तो यादीतून काढा. क्लच प्लेटही सहज मान्य करू नका. निघताना अर्ध्या क्लचवर बराच वेळ इंजिन रेटलं असतं तरच ती खराब झाली असती, तुम्ही तर गिअर टाकून सरळ हायवेवर गेलात. खात्री हवी असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. केबल बदलायची की नाही, ते लिव्हर सोडल्यावर ड्रममागची पट्टी चटकन परत जाते का, त्यावर ठरवा. जात असेल आणि केबलचं आवरण फाटलेलं नसेल तर केबल ठीक आहे. मात्र तुमची गाडी कधी पावसाच्या तुंबलेल्या पाण्यातून, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणाहून गेली असेल, तर केबल आतून गंजायला लागली असण्याची शक्यता आहे आणि तेव्हा गॅरेजवाल्याचं ऐका. सगळं काम झाल्यावर जुने भाग पिशवीत घालून परत मागा. ड्रम उघडताना त्यातली धूळ हवेने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढू द्या, ती फुप्फुसात जाण्यासारखी नसते.

आता तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य, जे तुम्ही ओघात लिहून गेलात. महिन्यापूर्वी हँडब्रेक टाइट केला होता.

हँडब्रेक किती खटक्यांवर लागावा, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. बऱ्याच हॅचबॅकमध्ये तो आकडा पाच ते आठच्या आसपास असतो. पहिले एक-दोन खटके केबलचा ढिलेपणा खाण्यात जातात, त्यात चाकाला फारसं काही होत नाही. तुमचा हँडब्रेक नीट जुळवलेला असता तर दोन खटके वर राहूनही एवढा धूर झाला नसता. ५२,००० किलोमीटरनंतर लिव्हर वर चढत होती, ती बहुधा शू झिजल्यामुळे किंवा झिजलेल्या शूना ड्रमजवळ सरकवणारा ॲडजस्टर अडकल्यामुळे. त्यावर इलाज ड्रमच्या आत आहे. पण ड्रम उघडायला अर्धा तास लागतो आणि लिव्हरखालचा केबलचा नट आवळायला दोन मिनिटं. नट आवळला की लिव्हर तीन खटक्यांवर लागते, ग्राहक खूश. केबल अशी सतत ताणलेली राहिली की ड्रममधला ॲडजस्टरही काम करेनासा होतो, आणि राहिलेले दोन खटके म्हणजे जवळजवळ पूर्ण ब्रेक होतो. तेव्हा नवऱ्याला सांगा, लिव्हर अर्धी राहिली ही चूक तुमची, पण धूर निघाला तो नट आवळणाऱ्याच्या हातून.

या वेळी काम उलट्या क्रमाने करून घ्या. आधी केबलचा नट पूर्ण ढिला. मग शू बसवून ड्रम चढवायचा, इंजिन चालू ठेवून पेडल दहा-पंधरा वेळा जोरात दाबायचं, म्हणजे ॲडजस्टर शूना ड्रमजवळ आणतो. मागची दोन्ही चाकं उचलून हाताने फिरवायची. पुसटसा घासल्याचा आवाज चालतो, अडकणं चालत नाही. हे झाल्यावरच केबलचा नट आवळायचा, पुस्तकातल्या आकड्यावर दोन्ही चाकं अडकेपर्यंत. आणि लिव्हर खाली टाकून पुन्हा एकदा दोन्ही चाकं मोकळी फिरतात ना, हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा. हे शेवटचं दाखवायला गॅरेजवाला कुरकुरेल, तरी सोडू नका.

पाणी ओतू दिलं नाहीत, ते फार छान केलंत. लाल तापलेल्या बिडाच्या ड्रमवर थंड पाणी पडलं की तो तडकतो किंवा वाकडा होतो. पण गाडी लावताना तुम्ही हँडब्रेक पुन्हा ओढलात का, हे पत्रात नाही. ओढला असेल तर तेही ड्रमला मारक आहे. तापलेला ड्रम फुगलेला असतो, शू त्याला टेकवून ठेवले की गार होताना ड्रम त्यांच्यावर आवळत जातो, कधी चाक जाम होतं, कधी ड्रमचा आकार बिघडतो. मागे डिस्क असलेल्या गाड्यांत याच्या उलट, तापलेली डिस्क गार होताना आकसते, पकड सैल पडते आणि उतारावरची गाडी घरंगळू शकते. दोन्ही बाबतींत उपाय एकच, पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स.

वाटेतच वास आला असता तर काय करायचं, तेही सांगून ठेवतो. करकचून ब्रेक मारू नका, कारण तोवर ब्रेक कितपत शिल्लक आहे ते ठाऊक नसतं. गिअर उतरवत वेग कमी करा, इंडिकेटर देऊन सर्व्हिस रोडला किंवा डाव्या कडेला या. हँडब्रेक पूर्ण खाली, इंजिन बंद, सगळे जण गाडीपासून लांब. चाकाच्या समोर वाकून बघत उभं राहायचं नाही, तापलेला टायर फुटू शकतो. पाऊण तास तरी थांबा. नुसता धूर असेल तर तो आपोआप कमी होतो. ज्वाळा दिसल्या तर कोरड्या पावडरचा अग्निशामक वापरा आणि १०१ किंवा ११२ लावा. निघण्याआधी पेडल कडक आहे ना पाहा, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हाताने ढकलून पाहा. सपाट रस्त्यावर छोटी हॅचबॅक एका माणसाला हलायला हवी. हलली नाही तर टो करून न्या. तुम्ही तासाभराने गाडी चालवत परत आणलीत, ते निभावलं. पुन्हा असं करू नका.

लिव्हर अर्धी का राहते? बहुतेक जण नुसतं बटण दाबून तिला खाली ढकलतात. ओढलेल्या लिव्हरचा खटका दातात घट्ट अडकलेला असतो, बटण दाबलं तरी सुटत नाही, किंवा सुटून पुढच्या दाताला लागतो. आधी लिव्हर किंचित वर घ्यायची, मग बटण दाबायचं आणि बटण दाबून ठेवूनच ती तळाला टेकवायची. मग दिवा विझलेला पाहायचा आणि पहिला गिअर नंतर टाकायचा. रॅम्पवर चढताना घाई होते, मागे दुसरी गाडी चिकटून असते, तिथेच दोन खटके राहतात. रॅम्प संपल्यावर सपाटीला आलात की हात पुन्हा एकदा लिव्हरवर न्या. लिव्हर तळाला असूनही तोच लाल दिवा लागला तर गाडी पुढे नेऊ नका. बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्याची सूचनाही तोच दिवा देतो.

ऑटोमॅटिकवाल्यांनी जास्तच जपावं. त्या गाड्या पाय सोडला की स्वतः सरकतात, त्यामुळे ओढ कळतच नाही. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तो बऱ्याच गाड्यांत पट्टा लावून ॲक्सिलरेटर दाबल्यावर आपोआप सुटतो, तिथे हा प्रश्न फारसा उरत नाही.

पावसाळ्याचं वेगळं. चार-पाच दिवस गाडी ओल्या पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढून उभी राहिली तर शू गंजाने ड्रमला चिकटतात. लिव्हर खाली, दिवा बंद, तरी चाक अडलेलं. तेव्हा जोराने न रेटता गाडी अर्धा फूट मागे, अर्धा फूट पुढे करा, ठक् असा आवाज होऊन ते सुटतं. न सुटल्यास मेकॅनिकला बोलवा. सपाट पार्किंग असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये नुसत्या गिअरवर आणि ठोकळ्यावर गाडी ठेवलेली उत्तम.

शनिवारपर्यंत काम झालं तर शनिवारी रात्रीच हायवेवर बोरिवली ते गोरेगाव एक फेरी मारा. नवे शू बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, म्हणून पन्नासच्या वेगावरून आठ-दहा वेळा सावकाश ब्रेक दाबून थांबा, मध्ये मध्ये वारा लागू द्या. शेवटचे दोन-तीन किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता या आणि उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, न टेकवता. नेहमी पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असतात. मागचं एखादं चाक पुढच्यांइतकं किंवा जास्त धगधगत असेल तर केबल अजून आवळलेली आहे, गाडी परत गॅरेजला. मागची दोन्ही कोमट असतील तर रविवारी निघा, आणि परतताना घाटात तिसऱ्या, तीव्र उताराला दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.